शाल मलाच का?

...नाही, पण मला एक सांगा, शाल मलाच का? प्रत्येक वेळी मलाच का? ऑगस्ट उजाडला की आमचा फोन वाजायला लागतो. 'नंदूराव, रविवार मोकळा ठेवा हं, अवयवदानाचा कार्यक्रम आहे, तुमचा सत्कार करायचाय...' सत्कार! अहो, माझी बायको गेली, त्याचा सत्कार? आणि बंगळूरचा सत्कार म्हणजे साधा नसतो, तुम्हाला सांगतो. आधी तो म्हैसुरी पेटा. तो सगळ्यांसाठी एकाच मापाचा आणि माझं डोकं पडलं मोठं, म्हणजे तो घालत नाहीत, ठोकतात! मग गळ्यात चंदनाचा हार, खांद्यावर शाल, हातात फळांची टोपली, त्या टोपलीवर चकचकीत कागद, आणि तो कागद असा कडाकडा वाजतो की मंचावर माझ्याबद्दल कुणी चार शब्द बरे बोललं तरी मला ऐकू येत नाही. मान हलवायची सोय नाही, पेटा पडेल. हात हलवायची सोय नाही, सफरचंदं पडतील. असा मी तिथं नवरदेवासारखा बसलेला, आणि मागं टेबलावर हार घातलेला शुभदाचा फोटो! आणि वर म्हणतात, 'आता नंदूराव आपला अनुभव सांगतील.'

काय अनुभव सांगू? शनिवारची सकाळ होती, शुभदा ओट्यापाशी उभी होती, म्हणाली, 'अहो, डोकं फार दुखतंय हो,' आणि खाली बसली. झाला अनुभव. डोक्यात रक्तस्राव. मग आयसीयूच्या बाहेरची ती लोखंडी खुर्ची, आणि मग डॉक्टरांनी आत बोलावून सांगितलं की मेंदू थांबलाय, तो आता परत सुरू होणार नाही, छाती हलतेय ती यंत्रानं हलतेय. आणि मग त्या समन्वयक बाई, फार हळू आवाजात, अवयवदान कराल का म्हणून. मी हो म्हणालो. लोकांना वाटतं याच्या मागं मोठा विचार असेल, संस्कार असतील... छे हो! आमच्या शुभदानं संसारभर माझ्या वस्तू मला न विचारता वाटल्या. माझी छत्री दिली, माझे बूट दिले, एकदा मी सकाळी बोम्मसंद्र्याला कामाला निघालो, तर गेटवर वॉचमननं मला सलाम ठोकला, आणि त्याच्या अंगावर माझा निळा शर्ट! माझा! इस्त्रीचा! मी घरात येऊन ओरडलो, तर म्हणते कशी, 'तुम्हाला तो पोटावर घट्ट होत होता, त्याला किती छान बसलाय बघा.' तर त्या दिवशी त्या बाईंनी विचारलं तेव्हा मला तो शर्टच आठवला. जन्मात पहिल्यांदा मी तिची वस्तू तिला न विचारता देऊन टाकली. फिटंफाट. आता हे मंचावर सांगता येतं का? पेटा घालून?

मग मी आपलं काहीतरी बोलतो, पुढच्या रांगेतल्या बायका पदर डोळ्याला लावतात, पुरुष चष्मा पुसतात, आणि सगळं सभागृह रडून मोकळं झालं की उप्पीट खायला जातं. उप्पीट खाताना एकेक जण येऊन माझा दंड दाबतो. 'नंदूराव, मन फार मोठं हो तुमचं!' मी विचारतो, 'बरं, मग तुमचं काय? अवयव द्यायचे म्हणून कळवलंत का घरी?' 'हँ हँ, बघू की, अजून वेळ आहे...' आणि शिरा घ्यायला पुढं!

आणि त्यांचं तरी काय चुकलं? मला बघून कोण हो म्हणेल? मी जाहिरात कशाची करतोय तिथं? मरणाची! मला बघून लोकांच्या मनात येतं ते एकच, की अवयवदान म्हणजे शनिवारी सकाळी बायको जाते! अहो, वधूवर मेळाव्यात कुणी विधुरांना बोलावून अनुभव सांगायला लावतं का? खानावळीच्या पाटीवर जेवून तृप्त झालेला माणूस काढतात, का वाढून दमलेला आचारी? ज्याला मूत्रपिंड मिळालं, ज्याला यकृत मिळालं, जो आज जिने चढतोय, बायकोशी भांडतोय, ट्रॅफिकमध्ये अडकून शिव्या घालतोय, तो उभा करा ना तिथं! त्याला म्हणावं, नुसता उभा राहा, बोलूही नकोस, दोन उड्या मार! पण नाही. तो कुठंय? तो नाहीच. आणि शाल मला!

नाही, कायदा मला माहीत आहे. कुणाचं कुणाला गेलं ते सांगत नाहीत, आणि सांगूही नये, माझी तक्रार नाही. मला माझा माणूस नकोच. कुणाचाही चालेल! कुणाच्याही माणसाचं काहीही घेतलेला, जिवंत, चालता-बोलता एक माणूस मला एकदा डोळ्यांनी बघायचाय, एवढंच. दोन वर्षं मी म्हणतोय तिनं दिलं, तिनं दिलं... दिलेलं कुठंतरी पोचतं की नाही, ते एकदा बघू तरी द्या!

तर यंदा मी ठरवलं. आमच्या इंदिरानगरच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष आप्पाजी, मूळचे निपाणीचे, बंगळुरात जन्म गेला, त्यांना जाऊन सरळ सांगितलं, 'आप्पाजी, यंदा मी येणार नाही. यंदा घेणाऱ्याला बोलवा.'

आप्पाजींनी चष्मा कपाळावर घेतला. 'कुणाला?'

'घेणाऱ्याला. ज्याला अवयव मिळाला त्याला. त्याचा सत्कार करा.'

'घेणाऱ्याचा सत्कार?' आप्पाजी म्हणजे असे बघताहेत की मी चोराला हार घालायला सांगतोय. 'काय बोलतोस रे नंदू? देवळाच्या पाटीवर देणगी देणाऱ्याचं नाव असतंय. परसाद खाणाऱ्याचं असतंय काय?'

म्हटलं, 'आप्पाजी, पण परसाद चांगला झालाय हे खाणाराच सांगतो ना? का देणगीदार सांगतो?'

आप्पाजींनी चष्मा परत नाकावर ओढला. तिथं आमची प्रणिता बसली होती. ती पुण्याची, तीन वर्षांपूर्वी इथं आली, आयटीत आहे, मंडळाचे सगळे कार्यक्रम तीच बघते. ती एकदम उठून उभी राहिली. 'ओ माय गॉड काका, आय टोटली गेट इट! म्हणजे कस्टमर टेस्टिमोनियल! आपण इतकी वर्षं फक्त सप्लायरलाच स्टेजवर आणतोय!'

सप्लायर! मी सप्लायर! पण म्हटलं जाऊ दे, हिला निदान कळलं तरी.

मग शोध सुरू. हॉस्पिटलात गेलो, त्या समन्वयक बाई म्हणाल्या, नावं देता येणार नाहीत, पण अवयव मिळालेल्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रूप आहे, त्यावर तुमचा निरोप टाकते, ज्यांना वाटेल ते फोन करतील. टाकला निरोप. धडाधड नमस्कार आले हो! हात जोडलेले, फुलं, हृदयं, 'यू आर ग्रेट सर'. आणि यायला? फोन आले, नाही असं नाही. एक जण, 'सर, मनापासून आलो असतो, पण ऑफिसात माहीत नाही, कळलं तर बढती जाईल.' दुसऱ्या एक बाई, 'मुलीचं जमतंय हो, आता कसं सांगू?' तिसरा तर कुजबुजतच होता, 'काका, सासरी मी हर्निया सांगितलंय.' हर्निया! अरे, कुणीतरी आपल्या माणसाची छाती हलताना बघत सही केली आणि तू हर्निया म्हणतोस? माझं डोकं असं तापलं, तुम्हाला सांगतो, त्या दिवशी पेटा घातला असता तर पेटला असता!

आणि मग एके दिवशी, मंडळाच्या जिन्यात, तो सापडला.

महांतेश. वर्षभरापासून मंडळात यायचा, आईला घेऊन. अथणीकडचे लोक, होसकोट्याला कुठल्याशा गोदामात मॅनेजर. भला माणूस, पण कायम तोंडाला मास्क. त्याचा चेहरा मंडळात कुणी बघितलाच नव्हता. सगळे पुरीभाजी खातात, हा डब्यातलं खातो, तेसुद्धा कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून. पाण्याची बाटली स्वतःची. आणि सकाळी दहाला फोनमध्ये घंटी वाजली की हा चाललेलं भजन सोडून बाहेर जातो आणि गोळी घेऊन येतो. त्याच्या आईनं, चंद्राबाईंनी, सगळ्यांना सांगून ठेवलेलं, 'पित्ताशयाचं आपरेशन झालंय, इन्फेक्शनला जपायचं.' आता मी बत्तीस वर्षं कारखान्यात इन्स्पेक्शनला काढली, नुसतं बघून कळतं कुठलं माप चुकतंय. पित्ताशयाला कुणी जन्मभर घड्याळ लावून गोळ्या घेतं का?

तो जिना उतरत होता, मी चढत होतो. सरळ विचारलं, 'अण्णा, किडनी का लिव्हर?'

'लिव्हर,' म्हणाला. आणि मग जीभ चावली. पण आता काय उपयोग!

तिथंच पायरीवर बसलो दोघं. म्हणाला, तीन वर्षं झाली. म्हणजे शुभदाच्या आधी वर्षभर, तेव्हा ते तिचं नव्हतंच, मनात शंका यायलाही जागा नव्हती. मी त्याला सगळं सांगितलं, शनिवार, ओटा, शर्ट, पेटा, सगळं. तो खाली बघत ऐकत होता. मग म्हणाला, 'अण्णा, मी येतो. नाव सांगा, काय पण सांगा. फक्त आमच्या अव्वाला आधी कळायला नको. ती मला मंचावर चढूच देणार न्हाई. दृष्ट लागंल म्हणती.'

'अहो, पण आई कार्यक्रमाला येणारच ना?'

'कीर्तन हाय म्हणून सांगतो.'

झालं! हे तिकडं ठरलं, आणि इकडं प्रणिताच्या डोक्यात कल्पना आली. मला तिनं ती सांगितली सगळं झाल्यावर, 'काका, बॅकग्राउंडला दोन फोटो. एकीकडं शुभदाकाकू, एकीकडं महांतेश. देणारी आणि घेणारा. सेम साइज, सेम फ्रेम. एकदम सिमेट्रिकल!' महांतेशनं तिला फोटो पाठवला, होसकोट्याच्या तळ्याच्या बांधावरचा, बिनमास्कचा, दात काढून हसणारा. तिनं तो छान मोठा करून घेतला, फ्रेम केली आणि आदल्या दिवशी सभागृहात नेऊन दोन टेबलांवर दोन फोटो मांडून ती घरी गेली. हे तिनं कुणाला सांगितलं? कुणालाच नाही. 'सरप्राइज ठेवलं होतं काका!'

आता रविवारची सकाळ. आप्पाजी सगळ्यांच्या आधी हजर. बघतात तर मंचावर दोन फोटो. आता तुम्ही मला सांगा, आमच्या मंडळात मंचावर टेबलावर फ्रेम करून कुणाचा फोटो ठेवतात? जिवंत माणसाचा? आजवर कधीच नाही! जिवंत माणूस खुर्चीवर, गेलेला टेबलावर, ही आमची पद्धत. आप्पाजींनी शुभदाला ओळखलं. शेजारचा हा तरणाताठा हसरा माणूस कोण, हे त्यांना कळलं नाही, पण मनात म्हणाले, कुणी बिचारा दाता असेल, किती लवकर गेला! आणि त्यांनी माणूस हलसूरला पिटाळून दुसरा हार आणवला. चंदनाचा. मग स्वतःच्या हातानं काचेवर कुंकू लावलं, पुढं निरांजन ठेवलं, दोन उदबत्त्या खोवल्या. सगळं रीतसर! गोऱ्यापान कपाळाला कुंकू शोभतही होतं म्हणे.

आणि मी कुठं? मी आतल्या खोलीत! यंदा मी सत्कार घेणार नाही म्हणून सांगितलं होतं ना? चार जणांनी मला धरून पेटा ठोकला! 'असं कसं, असं कसं, मान असतोय तो!' मग मला तसाच मंचावर आणून लोकांकडं तोंड करून बसवलं. मागं वळून बघायची सोय नाही. मला काय दिसणार हो मागचं?

समोर पहिल्याच रांगेत चंद्राबाई. काठाचं हिरवं लुगडं, हातात टाळ! कीर्तन म्हणून घरचे टाळ घेऊन आलेल्या. शेजारी महांतेश, मास्क लावून, घामाघूम. पडदा अजून बंदच होता, आम्ही पुढं बसलो होतो. तेवढ्यात दहा वाजले आणि त्याच्या खिशात घंटी वाजली. तो गोळी घ्यायला बाहेर गेला, आणि त्याच क्षणाला आप्पाजींनी पडदा उघडायची खूण केली.

'आजच्या या मंगल प्रसंगी,' आप्पाजींनी माईक धरला, 'आपण दोन पुण्यात्म्यांना वंदन करूया...'

दोन? मी मनात म्हणतोय, दोन कसे? दुसरा कोण?

'...ज्यांनी जाता जाता दुसऱ्यास जीवन दिलं. सर्वांनी दोन मिनिटं उभं राहून...'

सगळे उभे राहिले. मीही राहिलो, सफरचंदं सांभाळत. शांतता. अशी शांतता की बाहेर रिक्षावाला 'स्वल्प सैडिगे बन्नी' म्हणत कुणाला तरी बाजूला घेतोय ते ऐकू येतंय. आणि त्या शांततेत टाळ पडले. खण्णकन.

'माझं पोरगं!'

मी समोर बघतोय, चंद्राबाईंचे डोळे माझ्या डोक्यावरून मागं कुठंतरी लागलेले, तोंड उघडं...

'अय्यो यप्पा! कुणी रे? माझ्या पोराला हार कुणी घातला? आत्ता इथं माझ्या शेजारी हुता की रे तो! माझ्या जित्त्या पोराला मारलासा व्हय रे भाड्यांनो!'

आणि सत्तरीची बाई, गुडघे धरून चालणारी, तीन पायऱ्या अशी चढली की मी बघतच राहिलो. माझ्या खांद्याला धक्का, सफरचंदं खाली, पेटा खाली! मी मागं वळलो, म्हणजे आता मान मोकळी होती ना, आणि तेव्हा मला दिसलं. शुभदाच्या शेजारी महांतेश हसतोय, गळ्यात हार, कपाळाला कुंकू, पुढं दिवा. चंद्राबाईंनी हार तोडला, उदबत्त्या उपटल्या, पदरानं काचेवरचं कुंकू पुसतायत, आणि आप्पाजी माईकवरच म्हणतायत, 'अक्का, अक्का, हे तुमचे नातलग हुते काय? कधी गेले?'

'तू जाशील मेल्या! तू जाशील!' हे सगळं माईकवर!

तेवढ्यात आरडाओरडा ऐकून महांतेश धावत आला. त्याला बघितल्यावर म्हातारीनं त्याची बखोटी धरली, ओढत मंचाच्या मधोमध आणला, आणि एका हिसड्यात त्याचा मास्क काढला.

'बघा! बघा सगळ्यांनी डोळे फाडून! जित्ता हाय माझा पोरगा! लिव्हर बदलून आणलंय मी त्याचं! पिवळाधम्मक झाला हुता हळदीसारखा, पोटात पाणी, डागदर म्हणाले न्हाई वाचत. आणि आता बघा! सकाळी पाच भाकऱ्या खातोय! रोज होसकोट्याला जातोय! माझ्यावर वरडतोय, बायकूवर वरडतोय! याला हार घालतोस व्हय रे? कुणीतरी त्याचं लिव्हर दिलं म्हणून माझ्या घरात दिवा हाय, आणि तू त्याच्याम्होरं दिवा लावतोस?'

अहो, मागून कुणीतरी टाळी वाजवली. मग दुसरी. मग सगळं सभागृह टाळ्या वाजवतंय, लोक हसतायत, रडतायत, आणि प्रणिता खाली उभी राहून मोबाइलवर सगळं टिपत म्हणतेय, 'दिस इज गोल्ड, दिस इज गोल्ड!' मी दोन वर्षं घसा बसवून जे सांगू शकलो नाही, ते या बाईनं आप्पाजींना शिव्या घालता घालता सांगून टाकलं!

आणि मग चंद्राबाईंच्या लक्षात आलं. आपण काय बोललो ते. पित्ताशय गेलं की हो! त्या एकदम खाली बसल्या, मंचावरच, पदर तोंडाला लावून. बसल्या त्या नेमक्या शुभदाच्या फोटोपाशी. मग त्यांनी मान वर केली.

'ही कोण?'

'माझी बायको,' मी म्हटलं. 'हिनं दिलं.'

'आमच्या म्हांतूला?'

'नाही. त्याचं तिच्या आधीचं आहे. तिचं दुसऱ्या कुणाला गेलं.'

'मग ते कुठं हाय?'

'असेल कुठंतरी. कुठलीतरी आई सगळ्यांना हर्निया म्हणून सांगत असेल.'

बोलून गेलो. दोन वर्षं आत साठलेलं, भलत्याच माणसावर पडलं. चंद्राबाई शुभदाच्या फोटोकडं वळल्या. मग हळू म्हणाल्या, फक्त मला ऐकू येईल असं, 'अण्णा, आमी लपवत न्हवतो वो. आमी यल्लम्माला रोज काय मागत हुतो? आई, लौकर येऊ दे. काय लौकर येऊ दे? कुणाच्या घरातनं येऊ दे? ते मनात आलं की घास उतरत न्हवता. आणि मग आलं. आता तुमच्यासारक्या माणसाच्या म्होरं कुठल्या तोंडानं हुबं ऱ्हायचं? म्हणून पित्ताशय म्हणायचं.'

आता यावर माणसानं काय करावं? मला राग आला. पुन्हा! म्हणजे मी गावभर हिला शोधतोय आणि वर्षभर ही माझ्यापासून लपतेय, आणि आम्ही दोघं एकाच पंगतीत बसून एकाच पातेल्यातली आमटी खातोय! ओरडणार कुणावर? म्हटलं, 'चंद्राबाई, तुमच्या मागण्यानं कुणी जात नाही हो. शुभदा डोकं दुखून गेली. तुमच्या देवीला आमच्या घराचा पत्तासुद्धा माहीत नव्हता.'

त्या रडल्या. मी नाही रडलो. म्हणजे, चष्मा पुसला.

मागं आप्पाजी शाल हातात घेऊन उभे. शाल एकच आणलेली. म्हणाले, 'नंदू, आता ही कुणाला घालायची रे?' मी म्हटलं, सुटलो! 'चंद्राबाईंना घाला आप्पाजी, आज त्याच बोलल्या.' आप्पाजी शाल घेऊन पुढं झाले. चंद्राबाईंनी ती त्यांच्या हातातून ओढून घेतली, झटकली, उलटसुलट करून काठ बघितला, आणि आणून टाकली माझ्या खांद्यावर! 'पहिल्यांदा यास्नी! घरातलं माणूस दिलंय त्यांनी!'

शाल मला!

आणि हे इथं संपलं असं वाटतंय तुम्हाला? प्रणितानं तो व्हिडिओ टाकला. आता चंद्राबाईंना सगळीकडून बोलावणी. बोम्मसंद्र्याचा कारखाना, होसकोट्याची शाळा, कुठलं कुठलं महिला मंडळ. बाई जाते, महांतेशला मधोमध उभा करते, 'बघा, जित्ता हाय' म्हणते, आणि लोक खरंच पुढं येऊन नावं देतात हो! त्या हर्नियावाल्याचाही परवा फोन आला, 'काका, मी पण उभा राहतो, पण मला हार घालू नका.' सगळं मी म्हणत होतो तसंच झालं. आणि माझी सुटका? छे! बाईची अट आहे, नंदूअण्णा बरोबर असतील तरच मी बोलणार, आणि शाल आधी त्यांना. म्हणजे पूर्वी मला फक्त ऑगस्टमध्ये शाल मिळायची, आता दर रविवारी!

परवा त्या दोघी घरी आल्या, चंद्राबाई आणि सूनबाई. मी आत चहा टाकला. बाहेर येऊन बघतो तर बाईंनी माझं कपाट उघडलेलं, शालींचा ढीग खाटेवर. 'एवढ्या शाली काय करायच्यात अण्णा? कसर लागंल.' मी म्हटलं, 'राहू द्या हो.' 'सरी, सरी,' म्हणाल्या, म्हणजे बरं, बरं. मी चहात साखर घालायला आत गेलो आणि येईपर्यंत ढीग नाही! इस्त्रीवाला, फुलवाली, जिना झाडणारी, सगळ्यांना वाटून मोकळ्या. मला विचारलं? एका शब्दानं नाही! मी इतका ओरडलो, तुम्हाला सांगतो, शेजारचे बाहेर आले. तर म्हणतात कशा, 'तुमी कुठं घालत हुता?'

त्या आवाजात मला कुणी बरेच दिवस बोललं नव्हतं.

आज सकाळी खाली उतरलो. पाऊस पडून गेलेला, चांगला गारठा. गेटवर वॉचमननं सलाम ठोकला. अंगावर जरीकाठी शाल, एकदम अध्यक्ष. म्हणाला, 'सार, शालू तुंबा चेन्नागिदे,' शाल फार छान आहे म्हणून.

म्हटलं, असणारच रे बाबा. मलाच मिळालेली ना ती!